हिप-हॉप बीटमध्ये बासचं नेमकं काम काय?

प्रश्न थोडक्यात असा: ड्रम स्वतः बसवलेत, मेलडी स्वतःची आहे, तरी बीट तयार लूप एकमेकांना जोडल्यासारखी वाटते. बास वाढवला की नुसता घुमतो, कमी केला की बीट पोकळ पडते. मग बासचं करायचं काय?

वाढवणं-कमी करणं हा इथे मूळ मुद्दा नाही. बहुतेक वेळा बास सगळ्यात शेवटी येतो. मेलडी आणि ड्रम झालेले असतात, मेलडीचे मुख्य स्वर दोन सप्तकं खाली कॉपी होतात आणि किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) जिथे आहे तिथे ते चिकटवले जातात. असा बास नवीन काहीच सांगत नाही, म्हणून तो कितीही मोठा केला तरी बीटची ओळख बदलत नाही. हिप-हॉपमध्ये मेलडी बहुधा दोन-चार बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) फिरता तुकडा असते. तो तुकडा ऐकणाऱ्याला कोणत्या सुरात वाटेल, पुढे सरकतोय असं वाटेल की एकाच जागी बसलाय असं, हे बास ठरवतो. म्हणून क्रम बदला: ड्रम, लगेच बास, आणि मग मेलडीची काटछाट.

हे ऐकून पटवायचं असेल तर कीबोर्डवर ए, सी, ई हे तीन स्वर धरून लूप करा. खाली ए वाजवला की साधा ए मायनर. वरचं काहीही न बदलता खाली एफ वाजवा, तेच तीन स्वर एफ मेजर सेव्हन होतात आणि रंग एकदम उबदार होतो. खाली डी घ्या, आता तेच स्वर अधांतरी, उत्तराची वाट पाहत असल्यासारखे वाटतात. एकच लूप, तीन वेगळ्या बीट. हुकला (गाण्याचा परत येणारा भाग) ए आणि एफ, व्हर्सला (रॅपचं कडवं) नुसता ए, ब्रिजला (मधला वेगळा तुकडा) डी, एवढ्यावर अख्खं गाणं उभं राहतं. मेलडीचे चार नवे थर टाकून हे साधत नाही.

आता ताल. ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके), ए मायनरमध्ये, दोन बारचं एक उदाहरण घेऊ. एका बारची १६ घरं धरा. किक १, ८ आणि ११ वर, स्नेअर (टाळीसारखा करकरीत ठोका) ५ आणि १३ वर.

पहिला बार: १ वर ए, तीन घरं लांब. ८ वर ए, एकच घर. ११ वर वरचा सी, दोन घरं. १५ वर जी, एक घर.
दुसरा बार: १ वर एफ, तीन घरं. ८ वर एफ, एक घर. ११ वर ए, दोन घरं. १५ वर ई, १६ वर जी, आणि तिथून परत ए.

यात बघण्यासारखी गोष्ट स्वर नाहीत, मोकळी घरं आहेत. ४ रिकामं आहे, १२ नंतर बास थांबतो, म्हणजे दोन्ही स्नेअर मोकळ्या जागेत पडतात. ९० बीपीएमवर एक घर म्हणजे साधारण १६७ मिलिसेकंद. पहिला ए तीनऐवजी चार घरांहून थोडा जास्त लांब ओढून बघा, स्नेअर लगेच बारीक वाटायला लागेल. स्नेअरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) जागचा हललेलाही नसतो. ‘स्नेअर मागे जातोय’ अशी तक्रार असली की आधी बासच्या नोटांची लांबी तपासावी, ईक्यूला (खालचे-वरचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणारं साधन) नंतर हात लावावा. दुसरं, १, ८, ११ वर बास किकबरोबर आहे, पण १५-१६ वर तो एकटा चालतो. सगळीकडे किकला चिकटलेला बास यांत्रिक वाटतो आणि सगळीकडे सुटलेला बास ड्रमपासून तुटतो. दोन बारमध्ये एक-दोन जागी सुटका पुरते.

स्विंगची चूक तर हमखास होते. ड्रमला ६२ टक्के स्विंग दिलेला असतो आणि बास मात्र सरळ ग्रिडवर. ९० बीपीएमवर ६२ टक्के म्हणजे प्रत्येक जोडीतलं दुसरं घर सुमारे ४० मिलिसेकंद उशिरा येतं. ८ आणि १६ ही दुसरी घरं, त्यामुळे ८ वर किक ४० मिलिसेकंद मागे आणि बास तिच्या आधी वाजून मोकळा. ऐकताना हे ‘काहीतरी अडखळतंय’ इतकंच जाणवतं. ड्रमचाच ग्रूव्ह टेम्प्लेट, म्हणजे ठोके मागे-पुढे सरकवण्याचा साचा, बासला लावा. त्यावर हवं तर अख्खा बास आणखी १० मिलिसेकंद मागे ढकला, बूम-बॅप या जुन्या धाटणीच्या हिप-हॉपमध्ये ते रेलून वाजवल्यासारखं छान लागतं. पण तेव्हा किकची शेपटी (ठोक्यानंतर लांबणारा आवाज) आखूड हवी, कारण खाली फेजबद्दल बोलताना सांगतो.

एवढं झाल्यावर मेलडी म्यूट करून फक्त ड्रम आणि बास ऐका. मान डोलत नसेल तर पुढे जाऊ नका. बासचे स्वर सोपे करा, ताल बदला, पण तिथेच थांबा.

आवाज कोणता निवडायचा? ढोबळमानाने तीन घराणी आहेत. बास गिटार किंवा डबल बास, वाजवलेला किंवा सॅम्पल केलेला, १९७० च्या मिनिमूगपासून चालत आलेला सिंथ बास, आणि ८०८. गिटारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बोटांचा आवाज आणि सरकण्याची खरखर काढून टाकू नका, छोट्या स्पीकरवर तीच ऐकू येते. सिंथ बाससाठी एक सॉ लाट आणि त्याखाली एक सप्तक साइन किंवा स्क्वेअर लाट, लो-पास (वरचे आवाज गाळणारा) फिल्टर २०० ते ४०० हर्ट्झवर, फिल्टर एन्व्हलपचा डिके (फिल्टर बंद होत जाण्याचा वेळ) २०० ते ३०० मिलिसेकंद, ही सुरुवात पुरे. डिट्यून (सुरातून किंचित हलवायचा) करायचा तर फक्त वरचा ऑसिलेटर, म्हणजे लाट तयार करणारा भाग. खालचाही डिट्यून केला तर सब (सगळ्यात खालचा तळ) हळूहळू फुगतो-ओसरतो आणि प्रत्येक बारचा पहिला ठोका वेगळ्याच जोराचा येतो.

८०८ वर मात्र थांबून बोलायला हवं, कारण गडबड सर्वात जास्त इथेच होते. रोलंडचं टीआर-८०८ हे यंत्र १९८० ते १९८३ या काळात बनलं. त्यातल्या बास ड्रमला लेव्हल, टोन आणि डिके एवढीच बटणं होती, सूर बदलायचं बटण नव्हतं. लांब डिकेची ती किक सॅम्पलरमध्ये घेऊन वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवायला लागल्यावर तिचा बास झाला. म्हणजे आपण ज्याला ८०८ म्हणतो तो बहुतेक वेळा एका सुरात रेकॉर्ड झालेला, ओढून-ताणून वर-खाली केलेला तुकडा असतो. आणि फाइलच्या नावात लिहिलेला सूर बरोबर असेलच असं नाही.

सूर स्वतः तपासा. सुरुवातीचे ५० ते १०० मिलिसेकंद सोडून द्या, कारण तिथे सूर वरून खाली घसरत असतो आणि ट्यूनर फसतो. पुढच्या स्थिर भागात झूम करून दहा लाटा मोजा आणि त्यांना लागलेला वेळ बघा. दहा लाटांना ०.२ सेकंद म्हणजे ५० हर्ट्झ, जीच्या किंचित वर. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर एक लाट ९०० सॅम्पलची भरली तर बरोबर ४९ हर्ट्झ, म्हणजे जी. तो स्वर सॅम्पलरमध्ये रूट (मूळ स्वर) म्हणून नोंदवा, उरलेली तफावत फाइन ट्यूनने काढा. सप्तकांच्या आकड्यांवर जाऊ नका, एफएल स्टुडिओत मधला सी हा सी५ दिसतो आणि एबलटनमध्ये सी३. खाली हर्ट्झच बघायचे.

सॅम्पल वर नेला की तो आखूडही होतो: एक सप्तक वर म्हणजे निम्मी लांबी. १.२ सेकंदांचा ८०८ सात सेमीटोन (सप्तकाचे बारावे भाग) वर नेला की ०.८ सेकंदांवर येतो. म्हणून उंच स्वर मध्येच संपल्यासारखे वाटतात. हे टाळायचं तर ८०८ सिंथवर बनवा, तो तुमचा स्वतःचाही होतो. एक साइन ऑसिलेटर, पिच एन्व्हलप १२ ते २४ सेमीटोन वरून सुरू होऊन ३० ते ६० मिलिसेकंदांत खाली येणारा, आवाजाचा डिके ६०० ते १५०० मिलिसेकंद, वर थोडं सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन). फेज रीट्रिगर चालू ठेवायला विसरू नका. तो बंद असला की प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्या बिंदूपासून सुरू होते, मग एक ठोका दणकट आणि पुढचा मऊ. तासभर कम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) फिरवूनही ते सुटत नाही.

८०८ नेहमी एका वेळी एकच आवाज, म्हणजे मोनो मोडमध्ये. नवी नोट आली की जुनी तुटली पाहिजे. एफएलमध्ये ‘कट इटसेल्फ’, इतरत्र व्हॉइसची संख्या १. दोन शेपट्या एकमेकांवर चढल्या की खाली चिखल होतो आणि मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर दम लागल्यासारखा वर-खाली होतो. तोडताना टक् असा आवाज येत असेल तर ५ ते १५ मिलिसेकंदांचा फेड द्या. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, ती मध्यातच कापली की टक् येणारच. ग्लाइडसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी) १४० बीपीएमवर ६० ते १२० मिलिसेकंद बरे लागतात, एक घर तिथे १०७ मिलिसेकंदांचं असतं. पण चार बारमध्ये एखादाच ग्लाइड. प्रत्येक बारला सरकणारा ८०८ आता इतका ऐकून झालाय की त्यानेच बीट लूप पॅकमधली वाटते.

गाण्याचा सूर निवडताना बासचा विचार आधी करा. चार तारांच्या बास गिटारचा सर्वात खालचा स्वर ई, ४१.२ हर्ट्झ. एफ ४३.६५, जी ४९, ए ५५, त्यावरचा सी ६५.४. या पट्ट्यात बहुतेक मोठे स्पीकर नीट बोलतात. मूळ स्वर सी असलेली बीट अवघड असते: खालचा सी ३२.७ वर, तो अनेक स्पीकरवर नुसता कापरं भरतो, आणि वरचा सी सबच्या मानाने हलका. अशा वेळी मूळ स्वर ६५ वर ठेवून हालचाल खाली जी, ए-फ्लॅटकडे न्या, किंवा सगळी बीट सरळ ई ते ए यांपैकी एखाद्या सुरात हलवा. रॅपरने लिहायला घेण्याआधी हे करून टाका.

आता घुमण्याचा प्रश्न. किक आणि बास दोघेही ५० हर्ट्झवर हक्क सांगत असतील तर एकाला बाजूला व्हावं लागतं. ८०८ असेल तर तळ त्याचा. किकची शेपटी ८० ते १२० मिलिसेकंदांत संपवा, तिचं काम वरचा ठोका देण्याचं. बास गिटार असेल तर उलटं जमतं: ५० ते ६० किकला आणि गिटारचा भर ८० ते १०० वर. दोघांनाही तळ देण्याचा मोह आवरा.

फेज, म्हणजे दोन लाटा एकाच वेळी वर-खाली होतात की उलट्या, ती तर जरूर बघा. ५० हर्ट्झवर १० मिलिसेकंदांचा फरक म्हणजे बरोबर अर्धी लाट. किक वर जाताना बास खाली आणि दोन्ही मिळून जवळपास शून्य. म्हणूनच मागे ढकललेल्या बासबरोबर लांब शेपटीची किक चालत नाही. किक आणि बास दोनच चालू ठेवा, बासची पोलॅरिटी उलटी करा (लाट वरची खाली), ज्या बाजूला तळ जास्त भरीव वाटतो ती ठेवा. मग १ ते ५ मिलिसेकंद मागे-पुढे सरकवून बघा. हे फुकटचं मिळतं, ईक्यूने ते मिळत नाही.

त्यानंतर साइडचेन. किकने दाबला जाणारा कम्प्रेसर बासवर, अटॅक (दाब सुरू होण्याचा वेळ) शक्य तितका कमी, रिलीज (दाब सुटण्याचा वेळ) ६० ते १२० मिलिसेकंद, दाब ३ ते ५ डेसिबल. रिलीज जास्त लांब ठेवला तर बास ठोक्यानंतर उशिरा उठतो आणि ताल मागे खेचला जातो. ईक्यूत फार करण्यासारखं नसतं. २५ ते ३० हर्ट्झखाली सौम्य हाय-पास (खालचे आवाज गाळणारा फिल्टर), १२ डेसिबल प्रति सप्तक पुरे. ४८ चा कडक फिल्टर लावला तर फेज सरकून ठोक्याची धार जाते. २०० ते ३०० मध्ये घुमत असेल तर २-४ डेसिबल कमी करा. १२० हर्ट्झखाली सगळं मोनो, इथे अर्थ डाव्या-उजव्या बाजूला सारखंच. कोरस वगैरे हवंच असेल तर ते फक्त वरच्या थरावर.

हा वरचा थर फोनवर ऐकणाऱ्यांसाठी लागतोच. फोनचा स्पीकर साधारण २०० ते ३०० हर्ट्झखाली फारसं काही देत नाही. ४३.६५ चा एफ तिथे नसतोच. पण त्याच्या पटीतले १७५, २१८, २६२, ३०६ हे आवाज असले तर मेंदू मूळ स्वर स्वतःच जुळवतो. शुद्ध साइनमध्ये हे नसतात, ते तयार करावे लागतात. बासचा ट्रॅक डुप्लिकेट करा, १५० हर्ट्झखालचं काढा, त्यावर भरपूर डिस्टॉर्शन, मग २ ते ३ किलोहर्ट्झवर लो-पास, आणि मूळ बासखाली १२ ते १८ डेसिबल दबकत मिसळा. फिल्टर आधी आणि डिस्टॉर्शन नंतर असा क्रम शुद्ध साइनवर लावला तर डिस्टॉर्शनला खायला काहीच उरत नाही. तिथे डिस्टॉर्शन आधी, फिल्टर नंतर. सममित क्लिपिंगने फक्त विषम पटी मिळतात आणि आवाज कडक होतो. ट्यूब किंवा टेपच्या धाटणीच्या प्लगइनमध्ये बहुधा सम पटीही मिळतात, तो जास्त गोल लागतो. चाचणी सोपी आहे: मास्टरवर तात्पुरता २०० हर्ट्झचा हाय-पास लावा. तरीही बासची चाल गुणगुणता आली पाहिजे.

व्हर्समध्ये मात्र हाच थर २ डेसिबल खाली घ्या. पुरुषी आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो आणि त्याची छाती १५० ते ३०० च्या आसपास जाणवते, नेमकी आपण डिस्टॉर्शनने भरलेली जागा. हुकमध्ये परत वर. आणि आठव्या बारच्या शेवटच्या दोन ठोक्यांना बास पूर्ण बंद ठेवून बघा. रॅपरची पंचलाइन बहुधा तिथेच पडते, आणि पुढच्या बारचा पहिला ठोका फेडर न हलवता मोठा होतो.

‘घरी भरपूर, बाहेर काहीच नाही’ किंवा नेमकं उलटं होत असेल तर खोली तपासा. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ६.९ मीटर लांब असते. खोली ३.४३ मीटर लांब असेल तर ५० हर्ट्झ तिच्यात उभा राहतो: भिंतीजवळ प्रचंड, मध्यावर गायब. मध्यावर बसलेला माणूस बास वाढवत जातो आणि बाहेर सगळं घुमतं. ई पासून सी पर्यंत एकेक सेमीटोन सारख्याच जोराने वाजवा. मीटर स्थिर असूनही एखादा स्वर नाहीसा झाला किंवा अंगावर आला तर दोष खोलीचा, त्यासाठी बीट बदलू नका. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा, आणि तळाचा निर्णय हेडफोनवर पडताळा. आवाज शेजारच्याशी बोलता येईल इतकाच ठेवा. मोठ्या आवाजात कानाला बास जास्त भरतो, तिथे घेतलेला निर्णय हळू आवाजात पोकळ निघतो. पातळीची सुरुवात म्हणून किकचं टोक उणे १० डेसिबलवर, बास त्याच्या एक-दोन खाली.

जुन्या रेकॉर्डचं सॅम्पल घेत असाल तर त्यातला बास ठेवू नका. १२० ते १५० वर हाय-पास लावून तो काढा आणि खाली स्वतःचा वाजवा. फक्त सूर जुळवून घ्या: टेप आणि टर्नटेबलच्या वेगामुळे जुनी रेकॉर्डिंग मधला ए ४४० हर्ट्झवर या मापात असतीलच असं नाही. सॅम्पल ३० सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) वर असेल आणि तुमचा ए ५५ वर, तर उरलेल्या जुन्या बासशी तो सेकंदाला साधारण एकदा फुगेल-ओसरेल. ती हेलकावणी ऐकू आली की सॅम्पल नाही, बास सेंटमध्ये सरकवा. ती थांबली की सूर जुळला.

आणि एखादी गाजलेली बासलाइन पुन्हा स्वतः वाजवली म्हणजे ती स्वतःची झाली, हा समज सोडा. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि रचनेचा वेगळा. १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये ‘शिक’च्या ‘गुड टाइम्स’ची बासलाइन सॅम्पल केलेली नव्हती, स्टुडिओत वादकांनी ती वाजवली होती. तरीही नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं गीतकार म्हणून लावावी लागली. सूर बदलून किंवा टेम्पो कमी करूनही ती चाल तीच राहते. एखादी चाल डोक्यातून जातच नसेल तर तिचा फक्त ताल ठेवा आणि स्वर तुमच्या कॉर्डमधून नव्याने निवडा, मग दोन जागच्या नोटा काढून टाका आणि एक नोट किकच्या बाहेर नेऊन ठेवा. त्यानंतरही मूळ गाणं ओळखू येत असेल तर ताल पण बदलावा लागेल.